गोव्यातल्या वाड्यावरच्या (गावातल्या वस्तीच्या) रस्त्याला ताशी ३० किलोमीटरची मर्यादा: ‘तालांव (दंडाची पावती) द्यायचं निमित्त’ म्हणणाऱ्याला उत्तर

पर्वरीकर:
काल एकाने लिहिलं, “वाड्यावर ३०ची मर्यादा म्हणजे तालांव द्यायचं आणखी एक निमित्त. ब्रेक चांगले असले की ५० काय आणि ३० काय. चालणाऱ्यांनी कडेने चालावं.” कडेने म्हणजे कुठून? एका बाजूला चिऱ्यांची भिंत, दुसऱ्या बाजूला उघडं गटार, मधे जेमतेम चार मीटर डांबर. फाटकातून पाऊल टाकलं की माणूस थेट चाकापुढे येतो.

आणि ब्रेकचं म्हणाल तर हिशेब करून बघा. ५०ने गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर जाते. समोर पोर आलंय हे कळून पाय ब्रेकवर पडायला एक सेकंद लागतोच. ३०ची गाडी सुक्या रस्त्यावर १३-१४ मीटरांत पूर्ण थांबते. म्हणजे ती जिथे थांबली, तिथे ५०वाल्याचा पाय नुकता ब्रेकवर पोचतोय. पोराला धडक ५०चीच बसणार. इथे ब्रेक किती चांगले याला काही अर्थच उरत नाही. ओल्या रस्त्यावर तर दोघांतला फरक आणखी वाढतो.

अंत्रुजी:
हिशेब बरोबर आहे. फलकाने वेग उतरतो हे मात्र मान्य नाही. चालवणारा फलक बघत नाही, समोर मोकळा दिसणारा रस्ता बघतो. साबांखाने (सार्वजनिक बांधकाम खात्याने) हॉटमिक्स डांबर घालून रस्ता गुळगुळीत केला, वळणावरची भिंत मागे सरकवली, की दुसऱ्या दिवसापासून तिथून गाड्या सुसाट.

कायद्याचंही ऐका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ खाली मर्यादा कमी करायची तर राजपत्रात अधिसूचना हवी आणि जागेवर फलक हवा. पंचायतीने आपल्या मनाने रंगवलेल्या ‘३०’च्या पाटीवर दिलेला तालांव टिकणार नाही. कलम १८३ तर स्पष्ट सांगतं की ‘गाडी जोरात होती असं मला वाटलं’ एवढ्या एका साक्षीवर शिक्षा होत नाही, यंत्राने मोजलेला वेग लागतो. ट्रॅफिक सेंटिनलने (नियमभंगाचे फोटो पोलिसांना पाठवणाऱ्या नागरिकाने) काढलेल्या फोटोत हेल्मेट नाही हे दिसतं, वेग कसा दिसणार? रडार गन घेऊन पोलीस तुमच्या वाड्यावर किती दिवस उभे राहतील? गतिरोधक घाला. तो रात्री दोन वाजताही ड्युटीवर असतो.

म्हापशेकर:
गतिरोधकाचं नाव काढू नका! इंडियन रोड्स काँग्रेसच्या गतिरोधकांवरच्या १९८८च्या मार्गदर्शिकेत (आयआरसी ९९) माप दिलंय: १७ मीटर त्रिज्येची कमान, ३.७ मीटर रुंदी, मधे उंची १० सेंटिमीटर. त्यावरून गाडी २५च्या आसपास न आदळता जाते. आपल्याकडे काय होतं? डांबरीकरण संपताना ट्रकमध्ये उरलेला माल मीटरभर रुंदीत ओततात, फावड्याने थापतात, वरून एकदा रोलर फिरवतात. उंची कधी १५, कधी त्याहून जास्त. लहान गाडीचं ऑइल चेंबर घासतं, स्कूटरवर मागे बसलेली म्हातारी उसळते.

त्याहून वाईट म्हणजे असा अरुंद उंचवटा सावकाश जाणाऱ्यालाच जास्त लागतो. वेगात गेलं की टायर आणि सस्पेन्शन धक्का खातात, आत बसलेल्याला कमी जाणवतो. पोरांना हे पक्कं ठाऊक आहे.

रबरी पट्ट्यांचंही तेच. डांबर उन्हात मऊ पडतं, बोल्ट ढिले होतात, पट्टीचे तुकडे उडून जातात आणि बोल्टची टोकं तेवढी वर राहतात. दुचाकीचा टायर फाडायला तेवढं पुरे.

डिचोलीवाली:
पाण्याचं कोणी बोलतच नाही. गतिरोधक या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत घातला की पाणी गटारात जायची वाट बंद. चढाच्या बाजूला डबकं साचतं, त्याखालचं डांबर सुटतं आणि चतुर्थीपर्यंत गतिरोधकाच्या तोंडाशीच खड्डा तयार. मग गाडीवाला खड्डा चुकवायला ऐन वेळी कडेला घेतो, जिथे माणसं चालत असतात. पाण्यासाठी कडेला फूटभर जागा सोडली तर दुचाक्या त्याच फटीतून जातात, म्हणजे पुन्हा चालणाऱ्याच्या अंगावर.

आमच्या बाजूला खनिजाचे टिपर आहेत. रिकामा टिपर परतताना गतिरोधकावर चढला की फाळका धाडकन आपटतो. रस्त्याला लागून ज्यांची घरं आहेत तेच लोक मग पिकास घेऊन गतिरोधक फोडतात. त्यांना दोष कसा द्यायचा? टिपरच वाड्यावरून नेऊ नका, हे आधी बोला.

अंत्रुजी:
टिपरांचा प्रश्न खरा आहे, पण वेगळा आहे. प्रत्येक उपायाला नाट लावायची हीच आपली रीत! फलक नको, उंचवटा नको, मग माणसं मरू द्यायची का? तुकड्यातुकड्यांचे उंचवटे घाला, मधे फट ठेवून. १०८च्या रुग्णवाहिकेची चाकं दोन्ही बाजूंच्या फटींतून जातात, आतल्या रुग्णाला धक्का बसत नाही.

म्हापशेकर:
आणि त्याच फटीतून प्रत्येक स्कूटर ब्रेक न लावता जाते. गोव्यात बहुतेक गाड्या दुचाकी, त्यांनाच वाट मोकळी करून द्यायची? ज्या देशांत कारच जास्त, तिथला उपाय आहे हा.

करायचंच तर उंच पदपथी करा, म्हणजे रस्ता ओलांडायची जागाच वर उचलायची. उंची १० सेंटिमीटर, वरचा सपाट भाग तीन-चार मीटर, दोन्हीकडे दीड-दीड मीटरचा उतार. बस सावकाश चढते, आदळत नाही. सपाट भाग गटारावरच्या स्लॅबच्या पातळीला आणायचा आणि चढाच्या बाजूला जाळी बसवून पाणी खालून गटारात सोडायचं. जाळीच्या सळ्या रस्त्याला आडव्या हव्यात, नाहीतर सायकलवरच्या पोदेराचं (पाववाल्याचं) चाक अडकेल. एकच करून थांबायचं नाही, ८०-१०० मीटरांवर दुसरी हवी. अंतर वाढलं की मधल्या टप्प्यात लोक पुन्हा ५०वर जातात. थर्मोप्लास्टिक पट्टे (गरम करून ओततात तो जाड रंग) कोरड्या डांबरावरच मारायचे. ओलीवर मारलेला पट्टा खपलीसारखा निघतो.

पर्वरीकर:
उंचवट्याच्या मापावरून इतकी हमरीतुमरी, आणि मर्यादेचं काय? अंत्रुजी बाब, तुम्ही कलम ११२ अर्धंच सांगितलंत. मर्यादा महिन्याभरापुरती असेल तर राजपत्रातल्या अधिसूचनेची गरज नाही, फलक मात्र लागतात. जिल्हाधिकाऱ्यांकडे मागायचं ते हेच: एका वाड्यावर एक महिना.

आधी वेग मोजा. रस्त्यावर २५ मीटर अंतराने दोन रेघा मारा आणि मोबाइलवर व्हिडिओ घ्या. तीन सेकंद लागले तर ३०, १.८ सेकंद लागले तर ५०. पुढच्या गाडीमागे अडकलेल्या सोडून निदान शंभर गाड्या मोजा, कमी वेगापासून चढत्या क्रमाने लावा आणि शंभरांतली पंच्याऐंशीवी बघा, म्हणजे शंभरातल्या ८५ गाड्या ज्या वेगाच्या आत असतात तो वेग. सरासरी काढू नका, तिच्यात सुसाट जाणारे झाकले जातात. महिना संपताना त्याच वारी, त्याच वेळी पुन्हा मोजा. हे आकडे घेऊन ग्रामसभेत उभे राहा, ‘गाड्या फार जोरात जातात’ एवढंच सांगून पंच हलत नाहीत.

अंत्रुजी:
महिन्याची तरतूद आहे, ठीक. माझं म्हणणं तरी कायम आहे: फलकाने दोन-चार किलोमीटर उतरतील, पदपथीशिवाय ३० येणार नाही. आणि मोजणार तर फलकाजवळ नको, दोन वळणांच्या मधे सरळ पट्ट्यावर मोजा. कॅमेरा कुंपणाच्या आत ठेवा, माणूस उभा दिसला की लोक आपोआप हळू होतात. जून-जुलैत मोजलेले आकडे मी मानणार नाही, पावसात वेग असाही उतरतो. डिसेंबरात मोजा, काळ्या पाटीच्या भाड्याच्या गाड्या वेगळ्या लिहून. मोबाइलच्या नकाशावर जवळची वाट शोधत वाड्यात घुसतात त्या त्याच.

डिचोलीवाली:
मोजा, पण गटारावर स्लॅब घालण्याची मागणी त्याच अर्जात लिहा. गटार उघडं असेल तोवर माणूस डांबरावरच चालणार, गाड्या ३०ने गेल्या तरी. स्लॅब सुटे हवेत, दोघांना उचलता येतील असे, कडी घालायला भोकं ठेवलेले. एकसंध ओतलेला स्लॅब मे महिन्यात गाळ काढायला फोडतात, आणि तो पुन्हा कोणी घालत नाही.