नायसियाला मतदान करून येशूला देव केलं, हे खरंय का? (पैज लागलीय)

पलासियाचा_बंड्या:
नमस्कार मंडळी. आधीच सांगतो, मी ख्रिश्चन नाही आणि धर्मावरून भांडायला आलेलो नाही, मामला पैजेचा आहे. रविवारी सकाळी इंदूरच्या राजवाड्याजवळ आम्हा चौघांचा पोहे-जलेबीचा अड्डा असतो, शाळेपासूनची दोस्ती, आता दोघांना शुगर आहे तरी जलेबी काही सुटत नाही. तर परवा एकाने व्हॉट्सॲपवर आलेलं वाचून दाखवलं की ३२५ साली रोमचा बादशहा कॉन्स्टंटाइनने नायसिया नावाच्या गावात सगळे बिशप गोळा केले, मतदान घेतलं, येशू थोडक्या मतांनी देव म्हणून पास झाला आणि त्याच बैठकीत बायबलमध्ये कुठली पुस्तकं ठेवायची ते ठरवून बाकीची जाळून टाकली. मी पोह्यावर जिरावण मसाला भुरभुरत म्हटलं हो, मी पण असंच ऐकलंय. तर आमचा चौथा, जो ख्रिश्चन कॉलेजात शिकला, तो असा उसळला की प्लेट सांडायची राहिली. म्हणे, यातला अक्षर न् अक्षर थाप आहे. झालं, पैज लागली. हरेल त्याने शनिवारी सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, चौघांना खिलवायचं. जाणकारांनी सांगा, पण लिंका टाकू नका, मी वाचणार नाही, ओट्यावर बसून सांगतात तसं सांगा.

रामबागकर_काका:
बंड्या, खिसा सांभाळ.

बैठक झाली हे पक्कं. नायसिया म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं इझनिक. बादशहाने बोलावलं, प्रवासाची सोय सरकारी. किती बिशप आले यावर एकमत नाही, परंपरेने ३१८ म्हणतात, अभ्यासक अडीचशे-तीनशेच्या आसपास धरतात. आता यातली मजा बघ. बावीस वर्षांपूर्वी, म्हणजे ३०३ मध्ये, याच रोमन सरकारने चर्च पाडायला आणि धर्मग्रंथ जाळायला सुरुवात केली होती. त्या छळाच्या खुणा अंगावर असलेली माणसं आता बादशहाचे पाहुणे म्हणून आली होती. दुसरा कोणी असता तर गपगुमान जेवून घरी गेला असता, हे भांडत बसले.

भांडण कशावरून, तर ते सुरू झालं इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात. तिथे एरियस नावाचा एक पाद्री होता, त्याचं त्याच्याच बिशपशी, अलेक्झांडरशी वाजलं. आणि इथेच तुझ्या व्हॉट्सॲपची गाडी रुळावरून उतरते. येशू साधा माणूस आहे असं एरियस म्हणतच नव्हता रे! तो स्वतः येशूची भक्ती करायचा. त्याचं म्हणणं एवढंच की पुत्र म्हटलं की पित्यानंतरचाच आला, म्हणजे कधीतरी तो नव्हता, म्हणजे तो निर्माण केलेला. सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांत श्रेष्ठ, त्याच्याच हातून पुढचं जग घडलं हे सगळं मान्य, पण शेवटी निर्मितीच. आधाराला वचनंही होती, योहानाच्या शुभवर्तमानात (शुभवर्तमानं म्हणजे बायबलमधली येशूची चार चरित्रं) येशू स्वतःच म्हणतो की पिता माझ्यापेक्षा मोठा आहे. समोरच्यांचं म्हणणं की पुत्र निर्माण केलेला नाही, तो पित्याच्याच तत्त्वाचा आहे. सूर्य आणि त्याचं तेज, यात आधी कोण नंतर कोण असं करता येतं का?

म्हणजे वाद 'देव की माणूस' हा नव्हता, 'कुठल्या अर्थाने देव' हा होता. आणि निकाल थोडक्या मतांचा तर अजिबातच नाही. एरियसच्या विरोधात श्रद्धेचा जो मसुदा ठरला, त्यावर शेवटपर्यंत सही न करणारे बिशप दोन, सेकुंडस आणि थिओनस, दोघंही लिबियाकडचे, त्यांना एरियसबरोबर हद्दपार केलं. ३०० विरुद्ध २ याला कोणी काठावर पास म्हणत असेल तर त्याचं गणित आमच्या वेळच्या मास्तरांकडे पाठवावं लागेल.

आता कॉन्स्टंटाइनने येशूला देव केलं हे का टिकत नाही. साधारण ११२ साली प्लिनी नावाचा रोमन सुभेदार, बिथिनियाचा, म्हणजे नायसिया ज्या प्रांतात त्याच प्रांताचा, सम्राट ट्रेजनला पत्र लिहून विचारतो की या ख्रिस्ती लोकांचं करायचं काय. त्यात तो लिहितो की हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटे जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने स्तोत्र म्हणतात. कॉन्स्टंटाइन जन्मायच्या दीडशे वर्षं आधी! लिहिणारा बाहेरचा माणूस, त्याला यात काही रस नाही, उलट तो त्यांना मृत्युदंड देत होता. त्याच्याही आधी, ५० ते ६० च्या दशकातली पौलाची, म्हणजे येशूच्या सुरुवातीच्या प्रचारकाची, पत्रं आहेत, चारही शुभवर्तमानांच्या आधीची, त्यात फिलिप्पै गावच्या मंडळीला लिहिताना येशूच्या नावापुढे प्रत्येक गुडघा टेकावा असं पौल लिहून जातो. पौल यहुदी होता, एकाच देवापुढे गुडघा टेकणारा. त्या माणसाने हे लिहिलं, यातच पुढच्या तीनशे वर्षांच्या भांडणाचं बी आहे. देव एकच, आणि येशूचीही भक्ती, मग हिशोब जुळवायचा कसा?

पुस्तकांचं उद्या लिहितो, आता जेवायला हाक आली.

पलासियाचा_बंड्या:
काका एक नंबर. पण मी ऐकलंय की सगळं भांडण एका अक्षराचं होतं? म्हणजे आपल्याकडे आनंदीबाईने ध चा मा केला तसलं काही? आणि ३०० विरुद्ध २ झालं तर मग मिटलंच ना सगळं.

नारायणबाग_४५२:
मिटलं?? भिया, खरा लफडा नंतर सुरू झाला.

अक्षराचं सांगतो. नायसियात जो शब्द घेतला तो होमोऊसिओस, 'एकाच तत्त्वाचा'. पुढे तीसेक वर्षांनी एक मधला गट निघाला, ते म्हणाले होमोइऊसिओस म्हणू या, 'सारख्या तत्त्वाचा'. मधे एक छोटा 'इ', ग्रीकमध्ये आयोटा. पण ध चा मा मध्ये कोणीतरी चोरून अक्षर बदललं अशी गोष्ट आहे, इथे दोन्ही पार्ट्या आपापलं अक्षर छातीठोक मिरवत होत्या. आणि नायसियाच्या बैठकीत हा एका अक्षराचा वाद झालाच नाही, लोक दोन्ही गोष्टी एकत्र कालवतात.

आणि शब्दांचा घोळ वेगळाच. आपल्या इंदूरला शिकंजी म्हटलं की दुधाची, रबडीसारखी घट्ट, वर मेवा. माझा दिल्लीचा साडू पहिल्यांदा आला, उन्हाचा वैतागलेला, म्हणाला शिकंजी पाजा. त्याला हवं होतं लिंबूपाणी. ग्लास बघून तो म्हणे ही शिकंजी नाही, दुकानदार म्हणे हीच शिकंजी, दोघं दहा मिनिटं भांडले आणि दोघंही बरोबर. तिथे सेम हेच. ग्रीकमध्ये दोन शब्द, ऊसिया आणि हायपोस्टॅसिस. नायसियाच्या मसुद्यात दोन्ही एकाच अर्थाने आलेत. मग काही लोक पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून 'तीन हायपोस्टॅसिस' म्हणायला लागले, तर पश्चिमेकडच्या लॅटिनवाल्यांना वाटलं हे तीन देव म्हणतायत, आणि 'एकच हायपोस्टॅसिस' म्हणणारे दुसऱ्यांना वाटले की पिता-पुत्र हा फरकच पुसतायत. ३६२ साली अलेक्झांड्रियात एक छोटी बैठक झाली, तिथे दोन्हीकडच्यांना बसवून विचारलं की बाबांनो तुम्हाला नेमकं काय म्हणायचंय, तेव्हा कळलं की म्हणायचं दोघांनाही जवळपास तेच आहे. मग बॅसिल, त्याचा भाऊ निस्साचा ग्रेगरी आणि नाझियान्झसचा ग्रेगरी या तिघांनी शब्द वाटून घेतले, ऊसिया म्हणजे तत्त्व, ते एक, हायपोस्टॅसिस म्हणजे व्यक्ती, त्या तीन, आणि ३८१ ला कॉन्स्टंटिनोपलच्या परिषदेत तो पक्ष जिंकला. ३२५ ते ३८१, छप्पन्न वर्षं (हो, आपल्या छप्पन्न दुकानवालं छप्पन्न).

त्या मधल्या काळात कॉन्स्टंटाइन स्वतःच फिरला. सुरुवातीला तर त्याने दोन्ही पार्ट्यांना पत्र लिहिलेलं की एवढ्याशा फालतू प्रश्नावरून काय भांडता. मग नायसियात एरियसला हाकललं, काही वर्षांनी परत बोलावलं, आणि ३३७ मध्ये मरणाच्या दारात बाप्तिस्मा घेतला तो कोणाकडून, तर निकोमेडियाच्या युसेबियसकडून, एरियसच्या खास माणसाकडून! त्याचा पोरगा कॉन्स्टँटियस तर उघड नायसियाच्या विरोधात. म्हणजे सम्राटाने लादलं म्हणाल तर सम्राट बरीच वर्षं उलट्या बाजूला होते.

नायसियाची बाजू धरून बसलेला मुख्य माणूस म्हणजे अथनेशियस. ३२५ ला तो अलेक्झांडरचा तरुण मदतनीस, ३२८ ला स्वतः बिशप, आणि नंतर पाच वेळा हद्दपार, सगळी मिळून सतराएक वर्षं गावाबाहेर. एकदा नाईल नदीत शिपाई त्याच्या नावेमागे लागले तर याने नाव सरळ त्यांच्याकडेच वळवली. शिपाई विचारतात अथनेशियस कुठे, तर उत्तर गेलं, फार लांब नाही. शिपाई पुढे निघून गेले. नरो वा कुंजरो वा! गोष्ट आहे, खरी किती ते देव जाणे, पण माणूस तसा होता. माझ्या मते भांडकुदळही होता, विरोधकांशी सरळ वागला असं नाही म्हणता येणार.

अड्ड्यावरचा_आगाऊ:
म्हणजे आपल्या द्वैत-अद्वैतासारखंच की. मध्वाचार्य म्हणजे एरियस आणि शंकराचार्य म्हणजे अथनेशियस. विषय खतम.

रामबागकर_काका:
आगाऊ, इतकं सोपं नाही रे. आपल्याकडे प्रश्न आहे जीव आणि ब्रह्म यांचं नातं काय, म्हणजे तुझं माझं काय. तिथे प्रश्न पिता आणि पुत्र यांच्यातल्या नात्याचा होता, जीव आणि देव वेगळे हे दोन्ही पार्ट्यांना कबूल. अथनेशियसला अद्वैती म्हटलंस तर तो सहाव्यांदा हद्दपार व्हायला तयार होईल. साम्य असलंच तर वाद घालायच्या हौसेत.

आता पुस्तकं. नायसियाचे वीस नियम आपल्यापर्यंत आलेत. त्यात पाद्र्यांनी व्याजाने पैसे देऊ नयेत, रविवारी प्रार्थना गुडघ्यावर नाही तर उभ्याने करावी, छळात धर्म सोडलेल्यांना परत कसं घ्यायचं, असल्या गोष्टी आहेत. ईस्टर कधी पाळायचा तेही ठरलं. पुस्तकांच्या यादीचं त्या नियमांत नाव नाही. ते काम आधीपासून हळूहळू चाललेलं. साधारण १४० ला काळ्या समुद्रावरच्या सिनोपी गावचा मार्शियन नावाचा जहाजवाला रोममध्ये आला, तो म्हणायचा जुन्या करारातला, म्हणजे बायबलच्या येशूआधीच्या भागातला, देव वेगळा, येशूचा पिता वेगळा, म्हणून जुना करार बाद, ठेवायचं फक्त लूकचं शुभवर्तमान, तेही कापून, आणि पौलाची दहा पत्रं. रोमच्या मंडळीने त्याला काढलं आणि त्याने दिलेली दोन लाख रोमन नाण्यांची देणगी परत केली. देणगी परत! असं आता कुठे बघायला मिळतं का सांगा. पण त्याने यादी केली म्हणून बाकीच्यांनाही विचार करावा लागला. १८० च्या सुमारास लिऑनचा बिशप आयरेनियस ठासून सांगतो की शुभवर्तमानं चारच. आणि नव्या कराराची आजची सत्तावीस पुस्तकं जशीच्या तशी पहिल्यांदा एका यादीत दिसतात ती ३६७ साली, अथनेशियसच्या ईस्टरच्या पत्रात. नायसियानंतर बेचाळीस वर्षांनी.

लोकमान्यनगरची_सून:
मी जरा उशिरा आले. आमचं घर ख्रिस्ती, माहेर नगरचं, लग्नानंतर इंदूर. इथे चर्चमध्ये उपासना हिंदीत असते पण माझ्या आजीचं मराठी प्रार्थनेचं पुस्तक माझ्याकडे आहे, पुठ्ठा सुटलाय, पानांना हळदीचे डाग, कारण आजी ते स्वयंपाकघरातच ठेवायची. त्यात मतांगीकाराचं, म्हणजे आमची श्रद्धा जाहीर करायच्या ठरलेल्या वाक्यांचं, पान सगळ्यात मळलेलं. तुम्ही ज्यावर भांडताय ते आम्ही पाठ म्हणतो, की पुत्र निर्माण केलेला नाही, जन्मलेला आहे, पित्याच्याच तत्त्वाचा आहे. लहानपणी मी आजीला विचारलेलं की जन्मलेला आणि केलेला यात फरक काय. ती भाकरी थापत होती. म्हणाली, भाकरी मी केली, तुझी आई माझ्या पोटची. भाकरी माझ्यासारखी दिसते का? नंतर मोठी झाल्यावर वाचलं तर अथनेशियस साधारण हेच सांगत होता, कारागीर वस्तू करतो ती त्याच्यापेक्षा वेगळ्या जातीची असते, मूल मात्र बापाच्याच जातीचं. आजीने काही अथनेशियस वाचला नव्हता.

काका, तुम्ही सगळं छान लिहिलंत पण सगळे बिशप आणि बादशहाच झाले. २०३ सालची कार्थेजची पर्पेचुआ आठवा की. बावीसेक वर्षांची, चांगल्या घरची, अंगावर पिणारं बाळ. अटकेत असताना तिने स्वतः लिहून ठेवलंय. वडील विनवण्या करतात की म्हण मी ख्रिस्ती नाही. ती समोरची घागर दाखवते, बाबा, हिला घागरीशिवाय दुसरं काही म्हणता येईल का? नाही ना, मग मी जी आहे तीच स्वतःला म्हणणार. तिला रिंगणात जनावरांपुढे सोडलं आणि शेवटी तलवारीने मारलं. नायसियाच्या शंभराहून जास्त वर्षं आधी. तिला कुठल्या परिषदेने सांगितलं होतं?

पलासियाचा_बंड्या:
ताई, घागरीचं वाचून गप्पच झालो. आजींचंही लक्षात राहील.

ठीक आहे, हरलो. पण एक शंका, पुस्तकं जाळली हे तरी खरं की तेही नाही? तेवढंच वाचवा.

नारायणबाग_४५२:
त्यात थोडं तथ्य आहे बरं का. कॉन्स्टंटाइनने नंतर हुकूम काढलेला की एरियसची लिखाणं सापडतील तिथे जाळा, लपवून ठेवेल त्याला मृत्युदंड. एरियसने आपलं म्हणणं पद्यात लिहिलं होतं, खलाशी आणि जात्यावर काम करणारे गुणगुणतील अशी गाणी केली असंही सांगतात, म्हणून ते सरकारला जास्त झोंबलं असणार. त्यातलं आज जे उरलंय ते बहुतेक त्याच्या विरोधकांनी, खास करून अथनेशियसने, खोडून काढायला म्हणून उतरवलेलं. म्हणजे जाळपोळ खरी, फक्त शुभवर्तमानांची नव्हे आणि त्या बैठकीतली नव्हे.

आणि तुमच्या अड्ड्यासाठी एक. निस्साच्या ग्रेगरीने ३८० नंतरच्या कॉन्स्टंटिनोपलचं वर्णन केलंय, की सुटे पैसे मागा तर माणूस जन्मलेला आणि न जन्मलेला यावर प्रवचन देतो, पावाचा भाव विचारा तर म्हणतो पिता मोठा, पुत्र धाकटा, आंघोळीचं पाणी तापलं का विचारा तर नोकर सांगतो पुत्र शून्यातून निर्माण झाला. वाचून मला राजवाड्याचे पोहेवालेच आठवले.

पलासियाचा_बंड्या:
हे आत्ता चौथ्याला फोनवर वाचून दाखवलं. तो म्हणाला होता 'अक्षर न् अक्षर थाप', आणि जाळपोळ तर निघाली खरी. म्हणून मी म्हटलं अर्धी पैज फिटली. तो म्हणे नाही, शुभवर्तमानं जाळलीच नाहीत. आता यावर नवीन भांडण सुरू झालंय. तडजोड अशी निघाली की भुट्ट्याचा कीस आणि गराडू माझ्याकडून, मावाबाटी त्याच्याकडून. काका, शनिवारी रात्री दहानंतर या, सराफ्याची दुकानं बंद झाली की आम्ही तिथेच असतो. नारायणबागवाले, तुम्हीपण या, साडूला आणलंत तर त्याच्यासाठी लिंबूपाणी शोधू.