इंग्लंडमधील खेड्यातल्या चर्च शाळेत मुलाला घालावे का?

प्रश्न: आम्ही ज्या खेड्यात राहायला जात आहोत, तेथील चर्च ऑफ इंग्लंडच्या प्राथमिक शाळेत दोन-तीन इयत्ता एकाच वर्गात बसतात. त्यामुळे अभ्यास मागे पडेल का?

उत्तर १: एकत्र वर्गांपेक्षा शिक्षक कसे आहेत, हे महत्त्वाचे. निकालाची टक्केवारी जपून वाचावी, कारण दहा मुलांच्या वर्गात एकाच मुलामुळे ती १० टक्क्यांनी बदलते. ऑफस्टेडचा, म्हणजे इंग्लंडमधील शाळांची तपासणी करणाऱ्या सरकारी संस्थेचा, अहवाल संपूर्ण वाचावा. सप्टेंबर २०२४ पासून एकशब्दी एकूण श्रेणी बंद झाली आहे, आणि ते योग्यच झाले.

उत्तर २: सामूहिक प्रार्थनेतून पाल्याला वगळण्याचा हक्क पालकांना कायद्याने आहे. शाळा भरलेली असताना भेट द्या आणि मोठ्या मुलांच्या वह्या आवर्जून पाहा.