धंदा कुणाचा? सोलं, आगळ आणि संस्था

सावली_कुडाळ
नमस्कार. कुडाळजवळच्या एका संस्थेचं व्यवस्थापन माझ्याकडे आहे. बचत गटांच्या बायका मे महिन्यात रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडतात, सालं रसात बुडवून पुन्हा पुन्हा उन्हात घालून सोलं करतात, आगळ (खारवलेला रस) काढतात. आजवर अनुदानावर भागलं, यंदा ते संपलं. देणगीदार म्हणतात, 'सामाजिक उद्योजकता करा.' विश्वस्तांच्या मते त्याचा अर्थ सोलं विकून ऑफिसचा खर्च काढायचा. मला ते पटत नाही. परवा एका बाईने, कोपरापर्यंत लाल झालेल्या हातांनी, विचारलं, "ह्यो धंदो आमचो की संस्थेचो?" मला उत्तर देता आलं नाही. तुम्ही काय समजता?

वहीखाते_रत्नागिरी
ताई, आधी ट्रस्टच्या घटनेतला उद्देश वाचा. तो आयकर कायद्यातल्या 'सर्वसाधारण लोकोपयोगी' प्रकारात मोडत असेल, तर धंद्याची जमा एकूण जमेच्या 20 टक्क्यांवर गेली की त्या वर्षी आयकराची सूट जाते. गरिबांना साहाय्य किंवा शिक्षण हा उद्देश असेल तर ही मर्यादा नाही, पण धंदा उद्देशाला धरून हवा आणि त्याचे हिशेब वेगळे ठेवावे लागतात. सीएला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका.

दापोलीचा_काजू
आम्ही अनुदानातून काजू फोडायची यंत्रं घेतली आणि तीन वर्षं 'नफ्यात आहोत' म्हणत राहिलो. मॅनेजरचा पगार, टेम्पोचं डिझेल दुसऱ्याच प्रकल्पात टाकलेलं होतं. ते काजूच्या खात्यात घेतल्यावर दर किलोला तोटा निघाला. बायकांना यातलं काहीच माहीत नव्हतं, याची मला आजही खंत वाटते. 1959 मध्ये मुंबईत सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन लिज्जत सुरू केलं. तिथे पापड लाटणारीच मालकीण, नफ्यातोट्यात तिचा वाटा. विकणं सगळ्यांनाच जमतं हो, मालकी सोडणं आम्हा व्यवस्थापकांना जड जातं. दहा उत्पादक एकत्र आले की उत्पादक कंपनी, म्हणजे उत्पादकच मालक असलेली कंपनी, नोंदवता येते. संस्थेने प्रशिक्षण द्यावं, बाजार शोधून द्यावा.

सावली_कुडाळ
दोघांचेही आभार. काल गटासोबत ओटीवर बसून एका किलो सोलांचा हिशेब मांडला. रातांबे, मीठ, पिशवी, गाडीभाडं हे सगळं आमच्या जुन्या वहीत होतं. मजुरीचा रकानाच नव्हता. तो आखला तेव्हा 'धंदो कुणाचो' विचारणारीने पेन माझ्या हातातून घेतलं आणि आकडा स्वतः लिहिला. सोमवारी विश्वस्तांच्या बैठकीला ती वही घेऊन येणार आहे.