दुबई आणि फ्रँकफर्टहून सोलापूरला बोलायचंय, रोमिंगचं बिल न येता. कसं जमवावं?

टर्किश_टॉवेल

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा धंदा आहे. जानेवारीत फ्रँकफर्टच्या हाइमटेक्स्टिल या कापडाच्या प्रदर्शनाला जायचंय, वाटेत चार-पाच दिवस दुबईत पार्ट्यांना भेटायचंय. आम्ही दोघं, एक आयफोन आणि एक सॅमसंग, दोन्हीत भारतातलं प्रीपेड सिम. रोज संध्याकाळी कारखान्यातल्या मास्तरांशी व्हिडिओवर माल बघत बोलावं लागतं. बँकेचे ओटीपी यायला हवेत. घरी आईकडे बटणांचा फोन. दोघांचे रोजचे रोमिंग पॅक धरले तर आकडा अंगावर येतो, म्हणून सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर भागवावं असा विचार आहे. तिथं सिम कुठलं घ्यायचं, आपलं काढून ठेवायचं का, आणि बिल नेमकं कुठून फुगतं?

सातरस्ता_सिमवाला

मालक, शेवटच्या प्रश्नापासून घेतो. बिल फुगतं ते बहुतेक वेळा डेटा चुकीच्या सिमवरून गेल्यामुळे, आणि दुसरं म्हणजे भारताच्या नंबरवर आलेला फोन सवयीनं उचलल्यामुळे. रोमिंगमध्ये आलेल्या फोनलाही मिनिटामागे पैसे पडतात. एवढ्या दोन गोष्टी सांभाळल्या की बाकी सोपं आहे.

भारताचं सिम काढू नका. ओटीपीचा एसएमएस त्याच्यावरच येणार, आणि रोमिंगमध्ये येणाऱ्या एसएमएसला सहसा पैसे पडत नाहीत. पण प्रीपेडवर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू केलेलं नसेल तर सिम तिथं नेटवर्कच धरणार नाही, मग ओटीपी कुठला! निघायच्या आठवडाभर आधी कंपनीच्या अ‍ॅपमधून ते सुरू करा आणि पॅक नसताना सिम नेटवर्क धरेल ना, हे कस्टमर केअरला विचारून घ्या. शिवाय नोव्हेंबर २०२५ मध्ये दूरसंचार विभागानं व्हॉट्सअ‍ॅपसारखी अ‍ॅप फोनमधल्या चालू सिमशी बांधलेली ठेवायचे निर्देश दिलेत. सिम डबीत ठेवून जाणं त्यामुळेही धोक्याचं.

इंटरनेटसाठी दुसरी लाइन घ्या, ती म्हणजे ई-सिम, कार्ड न घालता फोनमध्येच बसवायचं सिम. फोनवर *#०६# दाबा. यादीत ईआयडी नावाचा ३२ आकडी नंबर दिसला तर फोनला ई-सिम चालतं. सॅमसंगची काही मॉडेलं यात अडकतात, आधी बघून घ्या. ई-सिमचा क्यूआर घरच्या वायफायवरच स्कॅन करून बसवा, कारण बसवायलाही इंटरनेट लागतं. क्यूआर दुसऱ्या फोनवर किंवा कागदावर घ्या. बसवलेलं ई-सिम तिथं चाललं नाही म्हणून डिलीट करू नका, बरेचसे क्यूआर एकदाच चालतात. प्लॅनची मुदत बसवल्यापासून मोजतात की तिथलं नेटवर्क धरल्यापासून, हेही खरेदीआधी वाचा.

आता निम्मे लोक जिथं चुकतात ते. भारताच्या सिमवर डेटा रोमिंग बंद, ई-सिमवर डेटा रोमिंग चालू. लोक घाबरून दोन्हीकडे बंद करतात आणि मग 'काड्या फुल्ल, नेट शून्य' म्हणून विक्रेत्याला शिव्या घालतात. प्रवासी ई-सिम मुळात दुसऱ्या देशातल्या कंपनीचं असतं, ते तिथं स्वतःच रोमिंगवर असतं. त्याचं रोमिंग तुम्ही पैसे भरून घेतलंय, ते चालू ठेवावंच लागतं. तरी नेट आलं नाही तर सेटिंगमधला एपीएनचा, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या नावाचा, रकाना बघा, रिकामा असेल तर विक्रेत्यानं दिलेलं नाव भरा.

आयफोनमध्ये 'मोबाइल डेटा स्विचिंग' आणि सॅमसंगच्या सिम मॅनेजरमध्ये 'ऑटो डेटा स्विचिंग' नावाचं बटण असतं. दोन्ही बंद करा. ते चालू असलं की भारताच्या सिमवर कॉल चालू असताना किंवा ई-सिमची रेंज पडली की फोन गुपचूप भारताच्या सिमवरून डेटा ओढायला लागतो. त्यावर डेटा रोमिंग बंद असेल तर पैसे वाचतात, पण दोन कुलुपं असलेली बरी.

आयफोनवाल्यांना आणखी एक. आयमेसेज आणि फेसटाइम पुन्हा सुरू होताना फोन मागच्या मागे परदेशी नंबरवर एसएमएस पाठवतो, त्याचे पैसे पडतात. निघण्याआधी चालू असेल तर तसंच राहू द्या, तिथं जाऊन बंद-चालू करू नका. यूपीआय आणि बँकेच्या अ‍ॅपचंही तेच. अ‍ॅप नव्यानं टाकलं की ते तुमच्या सिमवरून एसएमएस पाठवायला बघतं.

होटगी_रोड_नेटवर्क

वरचं सगळं फ्रँकफर्टला चालेल. दुबईत गाडं वेगळं आहे. यूएईत व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज, फोटो, व्हॉइस नोट जातात, पण कॉल लागत नाहीत. ऑडिओही नाही, व्हिडिओही नाही. फेसटाइम तसंच. रिंग वाजल्यासारखी होते, पुढे 'कनेक्टिंग'वर अडकतं. तुमच्या फोनचा दोष नाही, तिथं ते बंदच आहे.

परवानगी असलेल्या अ‍ॅपमध्ये बोटिम, झूम, मायक्रोसॉफ्ट टीम्स, गुगल मीट येतात. मास्तरांच्या फोनवर यातलं एक निघण्याआधी टाकून एकदा बोलून बघा. झूम सगळ्यात सोपं, तुम्ही लिंक पाठवायची, त्यांनी दाबायची. बोटिमला समोरच्याकडेही बोटिम लागतं, आणि तिथलं सिम घेतलं तर इंटरनेट कॉलिंगचा वेगळा प्लॅन लागतो का, ते काउंटरवर विचारा.

एक बारकावा. भारताच्या सिमवर रोमिंग पॅक घेतला तर तुमचा डेटा सहसा भारतातल्या कंपनीच्या यंत्रणेतूनच इंटरनेटला जातो, म्हणून दुबईत बसूनही व्हॉट्सअ‍ॅप कॉल बऱ्याचदा लागतो. माझा सल्ला: दुबईच्या दिवसांपुरता एकाच्याच सिमवर पॅक घ्या, दुसऱ्यानं त्याचं हॉटस्पॉट वापरावं. फ्रँकफर्टला उतरल्यावर दोघंही ई-सिमवर. पॅक ज्या सिमवर घ्याल त्याचं डेटा रोमिंग तेवढ्यापुरतं चालू करा आणि विमानात बसण्याआधी पुन्हा बंद करा.

पेठेतला_पिंट्या

एवढी कटकट कशाला, व्हीपीएन टाका की ओ, आपण कुठून नेट वापरतोय ते लपवणारं अ‍ॅप! सगळे वापरतात.

होटगी_रोड_नेटवर्क

पिंट्याभाऊ, यूएईच्या २०२१ च्या सायबर गुन्हे कायद्यात आयपी, म्हणजे नेटवरचा आपला पत्ता, लपवून गुन्हा करणं किंवा तो झाकणं याला ५ लाख ते २० लाख दिरहम दंड आहे. ऑफिसच्या नेटवर्कसाठी कंपन्या व्हीपीएन वापरतात ते निराळं, बंद असलेले कॉल लावायला वापरणं निराळं. धंद्यासाठी जाणाऱ्या माणसाला झूम असताना ही जोखीम कोणी सांगू नये.

टर्किश_टॉवेल

लई उपयोगाचं. अजून दोन अडचणी. भारतातल्या पार्ट्या माझ्या नंबरवर फोन करत राहणार, ते उचलले तर पैसे, न उचलले तर ऑर्डर जाते. आणि आईचं काय?

सातरस्ता_सिमवाला

पार्ट्यांचे फोन मास्तरांकडे वळवा, पण प्रकार नीट निवडा. फोनच्या कॉल सेटिंगमध्ये 'कॉल फॉरवर्डिंग' मध्ये 'नेहमी' किंवा 'सर्व कॉल' असा पर्याय आहे तो. त्यात कॉल भारतातच वळतो, तुमच्या परदेशातल्या फोनपर्यंत येतच नाही, म्हणून रोमिंग लागत नाही. 'उत्तर न दिल्यास' हा पर्याय ठेवलात तर कॉल आधी तुमच्यापर्यंत परदेशात येतो आणि तिथून परत भारतात वळतो. मग येतानाचे आणि जातानाचे, दोन्ही पैसे तुमच्या माथी. व्हॉइसमेल चालू असेल तर तोच खेळ. म्हणून न उचललं, व्यस्त, आवाक्याबाहेर हे तिन्ही फॉरवर्ड काढून टाका. हे सोलापुरात असतानाच करा. कोड डायल करून फॉरवर्ड लावायची सोय १५ एप्रिल २०२४ पासून बंद ठेवायचे आदेश निघालेत, त्यामुळे सेटिंगमधून करा, नाही जमलं तर कस्टमर केअर. फॉरवर्डमुळे एसएमएस वळत नाहीत, ओटीपी तुमच्याकडेच येतील.

आईंसाठी जर्मनीतून व्हायबर आउटसारखी सेवा चालते. आधी थोडे पैसे भरायचे, मिनिटाप्रमाणे कापतात, आणि त्यांच्या साध्या फोनवर कॉल लागतो. मात्र त्यांना परदेशी किंवा अनोळखी नंबर दिसेल. ऑक्टोबर २०२४ पासून परदेशातून +९१ चा खोटा नंबर दाखवत येणारे कॉल अडवायची यंत्रणा सुरू आहे, तेव्हा तुमचाच नंबर दिसेल ही आशा नको. फसवणुकीचा फोन समजून त्या कट करतील, म्हणून आधी सांगून ठेवा. दुबईत मात्र व्हायबरचा भरवसा नाही. तिथून घरातल्या कुणाच्यातरी स्मार्टफोनवर झूम लावून स्पीकर करायला सांगा.

लूमशेड_आयटी

मास्तरांच्या बाजूचं कोणी बोललंच नाही. माल ते दाखवणार, म्हणजे व्हिडिओ सोलापुरातून वर चढणार. तुमचं हॉटेलचं वायफाय कितीही चांगलं असो, कारखान्यातला अपलोड कमी असेल तर चित्र फाटणारच. लूमशेडमध्ये पत्र्याचं छप्पर आणि लोखंडी मशिनं, वायफाय तिथं टिकत नाही. मास्तरांनी मोबाइल डेटावर किंवा राउटरशेजारी ऑफिसात यावं. मशिनच्या आवाजात फोन गोंगाट कापताना माणसाचा आवाजही कापतो. वायरवाला इअरफोन लावून माइक तोंडाजवळ धरला की बराच फरक पडतो.

रंगाची शेड आणि पाइल, म्हणजे टॉवेलवरचे उभे धागे, तपासायला व्हिडिओ कॉल वापरूच नका. कॉलमध्ये चित्र इतकं दाबलं जातं की मरून आणि चॉकलेटी एकच दिसतं. खिडकीच्या उजेडात फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, तसा तो मूळ आकारात येतो. दुबईतही चालतं. कॉल फक्त बोलण्यापुरता.

डेटाचा अंदाज: ऑडिओला मिनिटाला १ एमबीच्या आत, व्हिडिओला साधारण ५ एमबी धरा. अर्धा तास व्हिडिओ म्हणजे १५० एमबी. व्हॉट्सअ‍ॅपच्या 'स्टोरेज अँड डेटा'मध्ये 'कॉलसाठी कमी डेटा' चालू करा.

एका बाजूचाच आवाज येत असेल तर बहुधा हॉटेलच्या वायफायवरच्या फायरवॉलनं, म्हणजे नेटच्या राखणदारानं, यूडीपी ही कॉलचा आवाज नेणारी पद्धत अडवलेली असते. सेटिंगशी झटापट करू नका, वायफाय बंद करून मोबाइल डेटावर या. बोलताना दोघं एकमेकांच्या वाक्यात घुसताय? तो उशीर. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या शिफारशीत एका दिशेनं १५० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर चालतो, व्हीपीएन किंवा भरलेलं वायफाय आलं की तो ओलांडतो. प्रदर्शनाच्या हॉलमधलं फुकट वायफाय तर सोडूनच द्या.

संध्याकाळी लाइट गेली की राउटर बंद, हे आपल्याकडचं ठरलेलं. राउटरला १२ व्होल्टचा मिनी यूपीएस लावा. अ‍ॅडॉप्टरवर लिहिलेले व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. फायबरचा डबा राउटरपासून वेगळा असेल तर दोन्हीला पुरवठा द्या, नाहीतर राउटरचे दिवे चालू आणि नेट गायब.

सातरस्ता_सिमवाला

एक राहिलं. विमानात फ्लाइट मोड लावाच. काही विमानांत स्वतःचं मोबाइल नेटवर्क असतं, फोन ते धरतो आणि त्याचे दर साध्या रोमिंग पॅकमध्ये बसत नाहीत. आणि फ्रँकफर्टहून स्वित्झर्लंडला डोकावणार असाल तर ई-सिमच्या देशांच्या यादीत ते नाव वेगळं शोधा. युरोपियन युनियनचा प्लॅन तिथं चालेलच असं नाही.

टर्किश_टॉवेल

स्वित्झर्लंड नाही, फ्रँकफर्टहून थेट परत. मास्तरांच्या फोनवर आज झूम टाकतो. कॉलची वेळ काय धरावी?

लूमशेड_आयटी

जानेवारीत फ्रँकफर्ट साडेचार तास मागे, दुबई दीड तास. इथले संध्याकाळचे सहा म्हणजे फ्रँकफर्टला दुपारचे दीड, ऐन प्रदर्शनाच्या गर्दीत. तिथली सकाळी आठची वेळ ठेवा, इथं साडेबारा वाजलेले असतात आणि फोटो काढायला उजेडही असतो.