शब्दकोशाच्या संकेतस्थळाला समाजमाध्यमासारख्या सोयी जोडाव्यात का?

कोशकार
आम्ही काही स्वयंसेवक मीडियाविकीवर (विकिपीडिया ज्या प्रणालीवर चालतो तिच्यावर) एक पारिभाषिक शब्दकोश चालवतो. नोंदींचे काम बरे चालले आहे, पण माणसे टिकत नाहीत. नवा सदस्य येतो, दोन-चार व्याख्या दुरुस्त करतो, त्यावर कोणी हूं की चूं करत नाही आणि तो पुन्हा फिरकत नाही. यावर उपाय म्हणून मित्रयादी, अनुयायी, ‘लाइक’ आणि सदस्यपानावर गुणसंख्या या सोयी आणाव्यात, असा सहकाऱ्यांचा आग्रह आहे. कोशाचा कट्टा होईल, अशी मला धास्ती वाटते. अनुभवी मंडळींनी मत द्यावे.

तळटीप
तुमच्या प्रश्नातच दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत: केलेल्या कामाची दखल आणि माणसाची लोकप्रियता. विकिपीडियाने २०१३मध्ये आणलेली ‘धन्यवाद’ची सोय पाहा. पानाच्या इतिहासात प्रत्येक संपादनाशेजारी हा दुवा असतो. तो दाबला की संपादकाला सूचना जाते, पण लेखावर कुठेही आकडा चढत नाही. कोणी कोणाचे आभार मानले एवढे सार्वजनिक नोंदीत दिसते, कोणत्या संपादनासाठी ते मात्र दिसत नाही. मिरवायला काही उरत नसल्यामुळे ही सोय माझ्या मते निकोप राहिली. मीडियाविकीसाठी तिचा विस्तार (जोडता येणारा भाग) तयार मिळतो. तेवढ्यापासूनच सुरुवात करावी.

अनुयायी मात्र नकोत. नोंद कोणाची आहे हे पाहून मते पडू लागली की तपासणीला अर्थ राहत नाही. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामिंगच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर मत उत्तराला दिले जाते, तरीही एकाच सदस्यावर मतांची खैरात झाल्यास ती ओळखून रद्द करणारी यंत्रणा त्यांना ठेवावी लागली आहे.

दुसरी बाजू
‘लाइक’ला सरसकट नाके मुरडू नयेत. गिटहब या सॉफ्टवेअर प्रकल्पांच्या संकेतस्थळावर एखाद्या त्रुटीच्या नोंदीखाली लोक केवळ ‘+१’ लिहून जात आणि त्या प्रत्येक ‘+१’ची सूचना चर्चेतल्या सर्वांना पोहोचे. त्याला कंटाळून अनेक प्रकल्पचालकांनी जानेवारी २०१६मध्ये खुले पत्र लिहिले आणि मार्चमध्ये प्रतिक्रियांची चिन्हे आली. म्हणजे येथे अंगठ्याच्या चिन्हाने गोंगाट वाढवला नाही, उलट कमी केला.

गुणसंख्येबाबत मी तुमच्या बाजूने आहे. मी पूर्वी ज्या प्रकल्पात होतो, तेथे संपादनांच्या संख्येवर क्रमवारी लावली जात असे. एका सदस्याने एकाच परिच्छेदातील स्वल्पविराम एकेक करून, दर वेळी पान जतन करत, दुरुस्त केले. वरचा क्रमांक त्याचाच होता आणि नियमात चूक काढता येत नव्हती! सलग किती दिवस काम केले हे दाखवणारा आकडा गिटहबनेही २०१६मध्ये सदस्यपानावरून काढून टाकला.

तळटीप
चिन्ह चर्चापानावर असेल तर माझी हरकत नाही. व्याख्येवर नको, कारण तेथे ते अचूकतेचा दाखला समजले जाईल.

कोशकार
दोघांचेही आभार. ‘धन्यवाद’ नोंदींच्या इतिहासात आणि चिन्हे चर्चापानावर, एवढेच तूर्त जोडतो. शिवाय नव्या सदस्याचे पहिले संपादन जुन्यांपैकी एकाने त्याच दिवशी वाचून त्याला दोन ओळी लिहाव्यात, अशी पाळी लावतो. पहिला आठवडा माझा.