अनुभव धागा: तुमचा बीबीएस, तुमची फोन-लाइन

रात्रपाळी (धागाकर्ता)

डायल-अप बीबीएसवर (बुलेटिन बोर्ड सिस्टिम, म्हणजे फोनवरून गाठायचा संगणकी फलक; थोडक्यात ‘बोर्ड’) जाणाऱ्यांच्या आठवणी पुष्कळ वाचल्यात. चालवणाऱ्यांच्या मात्र फारशा दिसत नाहीत. म्हणून हा धागा खास सिसॉप (सिस्टिम ऑपरेटर, बोर्ड चालवणारे) मंडळींसाठी, आणि त्यांच्यापायी ज्यांच्या घरचा फोन कायम अडकलेला असायचा त्या घरच्यांसाठीही.

ज्यांना हे प्रकरणच ठाऊक नाही त्यांच्यासाठी: घरातल्या संगणकाला मोडेम आणि फोन-लाइन जोडायची, त्यावर बीबीएसचा प्रोग्रॅम चालू ठेवून द्यायचा. बाहेरचा माणूस, म्हणजे कॉलर, स्वतःच्या मोडेमवरून फोन लावणार, निरोप वाचणार, लिहिणार, फाइली घेणार-देणार आणि लाइन सोडणार. मग पुढच्याची पाळी. असा पहिला फलक म्हणजे सीबीबीएस, शिकागोत १६ फेब्रुवारी १९७८ रोजी सुरू झालेला. प्रोग्रॅम वॉर्ड क्रिस्टेन्सन यांनी लिहिला, यंत्र रँडी स्युस यांनी जुळवलं. त्या हिवाळ्यातल्या हिमवादळाने शहर ठप्प झालं, म्हणून दोघांना तेवढी फुरसत मिळाली!

एक विनंती. मोडेमचा आवाज कसा होता यावर कृपया कुणी लिहू नका, तो सगळ्यांना पाठ आहे. तुमच्या बाजूच्या पडद्यावर काय दिसायचं ते लिहा.

मीच सुरुवात करतो. समोरचा जे टाइप करेल ते सिसॉपच्या पडद्यावर अक्षर न् अक्षर उमटायचं. मोडेमचा वेग ३०० बॉड, म्हणजे सेकंदाला साधारण ३० अक्षरं. ८० अक्षरांच्या २५ ओळींचा अख्खा पडदा भरायला मिनिटाहून जास्त लागायचं. त्या वेगात माणूस अडखळला तरी कळायचा. एक गृहस्थ वादात उतरले की लांबलचक उत्तर लिहायचे, मग मागे मागे जात सगळं खोडायचे, पुन्हा लिहायचे, पुन्हा खोडायचे, आणि शेवटी ‘बरं’ एवढंच पाठवून निघून जायचे. बाकीच्यांना ते मितभाषी वाटत. ते किती बोलले असते हे फक्त मला ठाऊक होतं. पुढे मी कुणी लिहीत असलं की मॉनिटर बंद ठेवायला लागलो.

ताईसाहेब

मी सिसॉप नाही, सिसॉपची बहीण. घरात लाइन एकच. त्यामुळे बोर्ड रात्री दहा ते सकाळी सहा, असा तह झाला होता. दादाने पहिल्याच पानावर वेळ लिहिली होती, पण लोक आपल्या प्रोग्रॅमला नंबर देऊन ठेवायचे आणि तो बिचारा दिवसभर दर दोन मिनिटांनी फोन लावत बसायचा. उचलला की पलीकडे शांतता. घरातल्या मोठ्यांना वाटायचं कुणीतरी मुद्दाम त्रास देतंय. प्रत्यक्षात पलीकडचा मोडेम आमच्या मोडेमच्या शिट्टीची वाट बघत असायचा.

आणि रात्री चुकून रिसीव्हर उचलला तर पलीकडच्या माणसाच्या पडद्यावर महिरपी कंस आणि कचरा पसरायचा. दादा आतून ओरडायचा, “ठेव, ठेव!” एका कॉलरने तर मला निरोप ठेवला होता: ‘ताई, आज फाइल संपायला सहा मिनिटं उरली होती.’ मी त्याला कधी पाहिलं नाही, पण त्याच्या फाइलींची मला काळजी वाटायला लागली होती, हे खरं.

शून्यमोडेम

ताई, तुमच्या त्या कॉलरला झेडमोडेमने, म्हणजे फाइल पाठवायच्या नव्या पद्धतीने, वाचवलं असेल. १९८६मध्ये चक फोर्सबर्ग यांनी तो लिहिला आणि तुटलेली फाइल जिथे थांबली तिथून पुढे घ्यायची सोय झाली. त्याआधीचा एक्समोडेम क्रिस्टेन्सन यांचाच, १९७७चा: १२८ बाइटचा ठोकळा पाठवायचा, बेरीज तपासायची, चुकली तर तोच ठोकळा पुन्हा. मधेच लाइन तुटली तर पहिल्यापासून सुरुवात. २४०० बीपीएसला (सेकंदाला २४०० बिट) १.४४ एमबीची भरलेली फ्लॉपी पाठवायला पावणेदोन तासांच्या आसपास लागत. शेवटच्या दहा मिनिटांत लाइन गेली की माणसं काय काय बोलत ते इथे लिहिण्यासारखं नाही.

माझा बोर्ड फाइलींचा. घ्यायचं तर द्यावंही लागेल हा नियम, म्हणजे ठरावीक प्रमाणात अपलोड. नियम आला की पळवाट आलीच. जुनीच फाइल नवं नाव देऊन चढवणं, एका झिपच्या दोन करणं, किंवा आत नुसता दुसऱ्या बोर्डाच्या जाहिरातींचा मजकूर. त्यामुळे सिसॉपचं खरं काम म्हणजे रोज रात्री आलेला माल उघडून बघणं, व्हायरस तपासणं आणि वर्णन लिहिणं. झिपमध्येच वर्णनाची छोटी फाइल घालायची पद्धत पुढे रूढ झाली तेव्हा निम्मा ताप कमी झाला.

फाइली दाबून लहान करायच्या जुन्या आर्क पद्धतीवरून झिपवर जाणं आठवतंय का कुणाला? फिल कॅट्झ यांचं पीकेझिप १९८९मध्ये आलं. आर्कवाल्या कंपनीने कॅट्झ यांच्यावर दावा लावला होता आणि बहुतेक सिसॉप कॅट्झ यांच्या बाजूचे. मी अख्खी डिस्क रात्री-रात्री बसून नव्या रूपात बांधली. तत्त्वासाठी वगैरे नाही हो, जागा वाचत होती म्हणून.

नोडवाला

फिडोनेटबद्दल, बोर्डाबोर्डांना जोडणाऱ्या त्या जाळ्याबद्दल, अजून कुणीच कसं लिहिलं नाही?

टॉम जेनिंग्ज यांनी १९८४मध्ये ते सुरू केलं. कल्पना इतकी साधी की आज हसू येईल: रात्री फोन स्वस्त असतो, तेव्हा माझ्या संगणकाने तुमच्या संगणकाला फोन करायचा, पत्रं द्यायची, घ्यायची आणि ठेवायचा. प्रत्येक बोर्डाला पत्ता, झोन, मग नेट, मग नोड. दर आठवड्याला नोडलिस्टमधले, म्हणजे सगळ्या बोर्डांच्या यादीतले, बदल यायचे आणि ते आपल्या यादीत मिसळायचे. शिवाय रोज एक तास राखीव. त्या वेळेत कॉलर घ्यायचे नाहीत, फक्त यंत्रांची आपापसातली पत्रं. हा तास पाळला नाही तर यादीतून नाव जायचं.

माझ्याकडे आजूबाजूच्या काही बोर्डांची डाक यायची, म्हणजे मी त्यांचा हब. लांबच्या फोनचा खर्च वाटून घेत होतो, आणि भांडणं बहुतेक त्यावरूनच. १९८६मध्ये इकोमेल आलं तसं तर विचारूच नका: एका विषयावरची चर्चा सगळ्या बोर्डांवर एकसारखी दिसायची, पण प्रत्येक बोर्डावर ती वेगळ्या दिवशी पोचायची. त्यामुळे उत्तर आधी आणि प्रश्न नंतर, हे नेहमीचंच. लोक अर्धवट वाचून भडकायचे. दोन दिवसांनी मूळ पत्र यायचं आणि मग माफीची पत्रं तितक्याच सावकाश परत जायची. फिडोनेटच्या नियमावलीचा गाभा मला अजून आवडतो: दुसऱ्याला अति त्रास देऊ नये आणि स्वतः सहज त्रासून घेऊ नये. दुसरा भाग कुणी पाळला नाही.

१९९०च्या दशकाच्या मध्यात यादीत तीस हजारांहून जास्त नोड होते. कुणाच्या झोपायच्या खोलीत, कुणाच्या दुकानात, कुणाच्या माळ्यावर. पत्र जायचं ते अशा खोल्याखोल्यांतून, आणि वाटेतल्या प्रत्येक सिसॉपला ते उघडून वाचता आलं असतं. नेटमेल, म्हणजे एकाने एकाला लिहिलेलं पत्र, हे पोस्टकार्डच. बहुतेकांनी वाचलं नाही, एवढंच.

एकटा_जीव

+१. राखीव तासात माझा डिस्कचा दिवा लुकलुकायला लागला की मी जागा व्हायचो. घरच्यांना वाटायचं आजार आहे.

मध्यरात्र

आमचा बोर्ड खेळांचा. ट्रेडवॉर्स २००२ (अंतराळातल्या व्यापाराचा आणि लढाईचा खेळ; २००२ हा नावाचाच भाग) खेळलेले इथे असतीलच. रोज ठरावीक चाली मिळायच्या, त्या संपल्या की उद्या. नव्या चाली मध्यरात्री प्रोग्रॅम आपोआप जी साफसफाई करायचा त्यानंतर, आणि लाइन एकच. म्हणजे जो पहिला लागेल त्याने दुसऱ्याचा ग्रह लुटलाच समजा. बारा वाजता अर्धा गाव रीडायलवर. कोण जिंकणार हे खेळातल्या डावपेचांपेक्षा कुणाचा फोन आधी लागतो यावर ठरायला लागलं, तेव्हा मी साफसफाईची वेळ रोज बदलती ठेवली आणि कुणाला सांगितली नाही. दोन टोळ्यांनी मिळून माझ्याविरुद्ध निषेधाचं पत्रक काढलं. एरवी एकमेकांची जहाजं उडवायचे हे लोक!

पुढे दुसरी लाइन घेतली. एकाच ३८६ संगणकावर डेस्कव्ह्यू (एका वेळी अनेक प्रोग्रॅम चालवून देणारा प्रोग्रॅम) घालून दोन नोड, म्हणजे प्रत्येक लाइनला एक. तेव्हा मोडेम जोडायच्या सिरियल पोर्टची जुनी ८२५० चिप एका वेळी एकच बाइट धरून ठेवायची. दोन कामं एकदम चालली की अक्षरं गळायची. १६ बाइट धरणारी १६५५०ए बसवली आणि सगळं सुरळीत झालं. दोन कॉलर एकमेकांशी थेट बोलायला लागले, ते बघण्यासारखं होतं.

रात्रपाळी

मध्यरात्र, माझं मत उलटं. दुसरी लाइन आली आणि बोर्डाचं चॅट झालं. एका लाइनवर माणूस आपली पाळी वाया जाऊ नये म्हणून विचार करून लिहायचा. वेळेची मर्यादाही असायची. निरोप नीट, पूर्ण, सहीसकट.

मध्यरात्र

किंवा खोडून ‘बरं’.

साधा_मजकूर

मला एक वेगळी गोष्ट सांगायची आहे. आमच्या एका नियमित सदस्याला दिसत नव्हतं, हे बऱ्याच दिवसांनी कळलं. त्याचा संगणक मजकूर वाचून दाखवायचा. त्याची तक्रार एकच होती: मी हौसेने एएनएसआय रंगांत (अक्षरं आणि ठोकळे रंगवून काढायच्या चित्रांत) काढलेला किल्ला त्याला दर वेळी ‘ठोकळा ठोकळा ठोकळा’ असा ऐकावा लागायचा. बहुतेक बोर्ड-प्रोग्रॅममध्ये रंग बंद करायची सोय होतीच, पण माझं मुखपृष्ठ त्या आधी यायचं. क्रम बदलला. त्यानंतर तो इकोमधला सगळ्यात जलद वाचणारा. पत्रं क्यूडब्ल्यूके पुडक्यात (सगळी पत्रं एकत्र बांधलेल्या एका फाइलीत) उतरवून घ्यायचा, लाइन सोडून सावकाश उत्तरं लिहायचा आणि एकदम परत चढवायचा. पुढे चित्रांचं वेब आलं, तेव्हा बाकीचे हरखून गेले होते. त्याने मला विचारलं होतं, “यात वाचायचं काय?”

कलम

१ मार्च १९९०ला अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने स्टीव्ह जॅक्सन गेम्स या खेळाच्या कंपनीवर छापा घातला आणि तिचा बोर्डही उचलून नेला, लोकांच्या न वाचलेल्या खासगी पत्रांसकट. ती बातमी आमच्या इकोवर आली त्या आठवड्यात कुणी दुसरं काही बोललं नाही. १९९३मध्ये न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. पण तोवर बऱ्याच सिसॉपांनी पहिल्या पानावर लांबलचक सूचना लावल्या होत्या: इथे खासगी असं काही नाही, सिसॉप सगळं वाचू शकतो. काहींनी नव्या सदस्याला उलट फोन लावून खात्री करून घ्यायची पद्धत आणली. मी दोन्ही केलं. नवे लोक कमी झाले, पण जे आले ते टिकले.

एकटा_जीव

इंटरनेटने बोर्ड संपवले म्हणतात ते मला अर्धंच पटतं. कित्येक सिसॉपांकडे मोडेमची रांग, लाइनी आणि ग्राहक तयार होते. त्यांनी तीच सामग्री वापरून इंटरनेट-जोडणी विकायला सुरुवात केली. म्हणजे बोर्ड मेला नाही, त्याने धंदा बदलला. आजही टेलनेटवर, म्हणजे फोनऐवजी इंटरनेटवरून गाठायचे, शेकडो बोर्ड चालू आहेत, सिंक्रोनेट किंवा मिस्टिक या बोर्ड-प्रोग्रॅमवर. मीही एक चालवतो. लाइन कधीच व्यग्र नसते, हा त्यातला दोष.

नोडवाला

सगळ्यांना एक प्रश्न. माझ्याकडे जुन्या बोर्डाचा साठा सापडलाय, हडसन पद्धतीचा (निरोप साठवायची एक जुनी पद्धत), त्या चारपाच .बीबीएस फाइली. मजकूर निघतोय, छान निघतोय. सार्वजनिक चर्चा संग्रहात द्यायच्या हे नक्की. पण त्याच फाइलीत खासगी निरोपही मिसळलेले आहेत. हडसनमध्ये खासगी म्हणजे नुसती एक खूण, कुलूप नाही. लिहिणाऱ्यांपैकी निम्म्यांशी संपर्क नाही.

कलम

खूण असलेले सगळे वेगळे काढा. ज्यांचा पत्ता लागेल त्यांना त्यांचे त्यांचे द्या, बाकीचे पुसा. न वाचता.

ताईसाहेब

आणि पुसण्याआधी दादाच्या बोर्डाकडून आलेलं काही आहे का तेवढं नावावरून बघा. त्याचा नोड तुमच्याच नेटमध्ये होता.