विश्वाचा वेग वाढतोय म्हणून नोबेल द्यायची घाई झाली का?

धूमकेतू७: डेसीचे (दीर्घिकांचा नकाशा काढणारा प्रकल्प) मार्च २०२५ चे निकाल परत वाचत बसलो होतो (तीन वर्षांचा डेटा, जवळजवळ दीड कोटी दीर्घिका आणि क्वेसार म्हणजे फार लांबची झगझगीत दीर्घिका-केंद्रं), तेव्हापासून डोक्यात भुंगा सुरू आहे. ते म्हणतायत डार्क एनर्जी, म्हणजे विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढवणारी ती अज्ञात ऊर्जा, बहुतेक स्थिर नाहीच, तिचा जोर ओसरत चाललाय. मग १९९८ ला वेग वाढतोय हे कळलं तेव्हापासून 'आइन्स्टाइनचा लॅम्डा (कायम स्थिर राहणारी डार्क एनर्जी) परत आला, विषय संपला' म्हणून जे ऐकवलं त्याचं काय? २०११ ला नोबेल पण देऊन मोकळे. पर्लमटर, श्मिट, रीस तिघंही भारीच, पण विश्वाचा सत्तर टक्के हिस्सा जिच्या नावावर करून ठेवलाय ती चीज काय आहे हे एकालाही सांगता येत नाही. माझं मत, घाई झाली. आता धुवा मला.

अमावस्या: धुतोच. नोबेल डार्क एनर्जीला नाहीये हो, मानपत्रात तो शब्दच नाही. दूरच्या सुपरनोव्हांवरून (ताऱ्यांच्या स्फोटांवरून) प्रसरणाचा वेग वाढतोय हे शोधलं, एवढंच लिहिलंय. घरात चोरी झाली हे कळायला चोर सापडावा लागतो का? आणि ते काम बघा तरी कसं केलं. अमावस्येच्या सुमारास आकाशाच्या एका तुकड्याचे फोटो काढायचे, साधारण तीन आठवड्यांनी त्याच तुकड्याचे परत, मग एकातून दुसरा वजा करायचा. हजारो दीर्घिका गायब होतात आणि उरतो एखादा ठिपका, तो सुपरनोव्हा. टाइप वन-ए या जातीचा असला तर त्याची मूळ चमक किती ते प्रकाश किती दिवसांत उतरतो यावरून काढता येतं. हे ठिपके अपेक्षेपेक्षा वीस-पंचवीस टक्के मंद निघाले, म्हणजे जास्त लांब. बास, यात लॅम्डा कुठे आला?

जुनाखोड: मंद म्हणजे लांबच कशावरून? मधे धूळ नसेल? नारळीकर आणि मंडळींनी तेव्हाच म्हटलं होतं की दीर्घिकांच्या मधल्या जागेत धातूच्या बारीक तंतूंची धूळ असेल तर तेवढी मंदी येऊ शकते. त्यांचं कुणी नीट ऐकून घेतलं नाही असं मला कायम वाटत आलंय. आणि २०१६ ला सुबीर सरकार वगैरे भौतिकशास्त्रज्ञांनी ७४० सुपरनोव्हांचं गणित परत मांडलं तर पुरावा ३ सिग्मासुद्धा भरेना (सिग्मा म्हणजे खात्रीचं माप, शोध म्हणायला ५ लागतात).

अमावस्या: ऐकून घेतलं की, तपासलं पण. धूळ असेल तर जितकं लांब जाल तितकं मंद होत जायला हवं ना? २००१ मध्ये १९९७एफएफ नावाच्या खूप लांबच्या सुपरनोव्हाचा हिशोब आला, तो धुळीच्या अंदाजापेक्षा चांगलाच तेजस्वी निघाला, कारण त्या काळात विश्व अजून मंदावत होतं, वेग वाढायला लागला तो गेल्या पाच-सहा अब्ज वर्षांत. सरकारांचं म्हणाल तर ते आकडे फक्त सुपरनोव्हांचे, पार्श्वभूमी प्रारण (विश्वाच्या सुरुवातीचा उरलेला प्रकाश) आणि दीर्घिकांच्या मांडणीतली त्या सुरुवातीच्या ध्वनिलहरींची खूण बाजूला ठेवून. तिन्ही एकत्र घ्या आणि मग बोला.

शंकासुर: मधेच बावळट प्रश्न, मग आपण पण ताणले जातोय का?

अमावस्या: नाही. गुरुत्वाने किंवा अणूंच्या बलाने बांधलेलं काहीच फुगत नाही, आपली आकाशगंगा पण नाही.

धूमकेतू७: चोरीचा दाखला आवडला, मान्य. पण एक सांगा, 'तिन्ही एकत्र' म्हणता तेव्हा ती एकत्र जोडायला मॉडेल कुठलं वापरता? लॅम्डावालंच ना! डेसीवाल्यांनी ते मॉडेल जरा सैल सोडलं, म्हणजे डार्क एनर्जी बदलू दिली, तर लगेच २.८ ते ४.२ सिग्माची कुरबुर सुरू झाली, आणि आकडा किती येणार ते कुठला सुपरनोव्हा संच घेतला त्यावर.

अमावस्या: बरोबर, म्हणूनच अजून ५ सिग्मा नाही आणि कुणी शोध लागला असं म्हणत नाहीये. पण सुपरनोव्हा धरून सैल सोडलेल्या मॉडेलमध्येही आजचा वेग वाढताच येतो, नुसता जोर कमी. शीर्षक बदला.

धूमकेतू७: शीर्षक राहूदे, 'घाई' पुढे अजून एक प्रश्नचिन्ह टाकतो.